सोडवलेलं गणित आणि सुटणारं गणित

प्रश्न थोडक्यात असा: ‘गणिताची प्रमाणित परीक्षा दहा आठवड्यांवर आली आहे. तीन पुस्तकं संपवली, दोनेक हजार गणितं झाली. घरी सोडवताना बहुतेक सगळी सुटतात, पण सराव परीक्षेतले गुण दोन महिने जागचे हलत नाहीत. चौथं पुस्तक घेऊ की क्लास लावू? आणि तरीही गुण वाढले नाहीत तर तारीख पुढे ढकलू का?’

चौथं पुस्तक घेऊ नका. क्लासही सध्या लावू नका. मी स्वतः शिकवण्या घेते, त्यामुळे हा सल्ला माझ्याच पोटावर पाय देणारा आहे, पण तुमचं दुखणं वेगळं आहे.

आधी एक करून बघा. संपवलेल्या पुस्तकांतली, महिन्याभरापूर्वी ‘बरोबर’ अशी खूण केलेली वीस गणितं निवडा. प्रकरणं वेगवेगळी हवीत. गणितं कोऱ्या कागदावर उतरवून घ्या, म्हणजे वर प्रकरणाचं नाव दिसणार नाही. प्रत्येकी दीड मिनिट धरून घड्याळ लावा आणि सोडवा. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला मी पहिल्या दिवशी हेच करायला लावते. सगळी सुटली असा अजून कोणी भेटलेला नाही. बरेच जण निम्म्याच्या थोडं पुढे जाऊन अडकतात आणि मग चेहरा बघण्यासारखा होतो. कारण ती गणितं त्यांच्याच वहीत, त्यांच्याच अक्षरात, शेजारी टिकमार्क घेऊन बसलेली असतात.

असं का होतं? ‘शेकडेवारी’ असं डोक्यावर लिहिलेल्या प्रकरणातलं गणित सोडवताना अर्धं काम त्या मथळ्यानेच केलेलं असतं. कुठली रीत लावायची हा प्रश्नच उरत नाही, उरते ती आकडेमोड. वर पहिली पाच गणितं एकाच पद्धतीने सुटलेली असली की सहावं हाताच्या सवयीने सुटतं. परीक्षेत गणितावर अशी पाटी लावलेली नसते. तिथे ओळखायचंही तुम्हालाच आणि सोडवायचंही तुम्हालाच. दोन हजार गणितांत तुम्ही सोडवण्याचा सराव केलात, ओळखण्याचा जवळपास केलाच नाहीत.

डग रोहरर आणि केली टेलर या संशोधकांनी २००७ साली याच गोष्टीवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना चार घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. एका गटाला एकेका आकृतीची गणितं सलग दिली, दुसऱ्याला चारही आकृत्यांची मिसळून. सराव चालू असताना सलगवाले बरेच पुढे होते. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा मिसळून सोडवणाऱ्यांची सरासरी ६३ टक्के आली आणि सलगवाल्यांची २० टक्के. ‘घरी सगळं सुटतं’ हे तुमचं वाक्य मला त्या सलग गटाचं वाटतं.

म्हणून यापुढे प्रकरणवार सराव बंद. अपवाद फक्त खरोखर न येणाऱ्या विषयांचा. तीन पुस्तकं हाताशी आहेतच, त्यांतूनच रोज पंधरा-वीस गणितं मिसळून काढा. पहिले काही दिवस गुण कमी येतील आणि आपण मागे चाललोय असं वाटेल. वाटू दे.

याच्या जोडीला एक छोटा सराव आहे, आणि मला विचाराल तर सगळ्यांत जास्त फळ देणारा. वीस गणितं घ्यायची आणि एकही सोडवायचं नाही. प्रत्येकाची फक्त पहिली ओळ लिहायची: मी इथे काय धरणार, कुठलं समीकरण मांडणार, कुठली आकृती काढणार. गणितामागे अर्धं मिनिट. मग पुस्तकातलं स्पष्टीकरण उघडून फक्त सुरुवात पटते का ते बघायचं. दहा मिनिटांचं काम आहे, कंटाळलेल्या संध्याकाळीही होतं. ज्या गणितांची पहिली ओळच सुचली नाही ती तुमची खरी अभ्यासाची यादी. बाकीची दहादा सोडवून काही मिळणार नाही.

आता चुकांकडे येऊ.

‘सिली मिस्टेक’ हा शब्द माझ्याकडे वर्ज्य आहे. एक विद्यार्थिनी होती, गणितात चांगली, अक्षर मोत्यासारखं. चुकलेल्या प्रत्येक गणितापुढे तिने लाल शाईने ‘सिली’ लिहून ठेवलेलं. म्हणजे चूक माझी नव्हेच, पाहुणी म्हणून आली होती आणि गेली. आम्ही तिच्या शेवटच्या पाच सराव परीक्षांचे रफचे कागद जमिनीवर पसरले आणि एकेक चूक हाताने शोधली. पहिलंच गणित असं होतं: २क्ष + ६ = २० असेल, तर क्ष + ३ किती? रफमध्ये व्यवस्थित क्ष = ७ काढलेलं, त्याभोवती गोल, आणि उत्तर म्हणून ७ वर टिक केलेली. पर्यायांत ७ होतंच. ते असणारच. घाईतला माणूस कुठे थांबतो हे पेपर काढणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं आणि तिथेच तो पर्याय मांडून ठेवतो. उत्तर अर्थातच १० आहे, आणि खरं तर इथे क्ष काढायची गरजच नव्हती. दोन्ही बाजू निम्म्या केल्या की क्ष + ३ समोर उभं राहतं.

दुसऱ्या पेपरात तिने त्रिज्या काढली होती, विचारला होता व्यास. तिसऱ्यात नवी किंमत काढली होती, विचारली होती वाढ. वर्तुळाचं गणित, शेकडेवारीचं गणित, बीजगणित, तीन निरनिराळी प्रकरणं. पण चूक एकच: काय विचारलंय हे वाचायचं आणि सोडवता सोडवता विसरायचं. यावर ‘लक्ष देऊन सोडव’ असं सांगून काही होत नाही. हाताला काम द्यावं लागतं. तिला एवढंच सांगितलं, की पेन टेकवल्यावर पहिली गोष्ट रफमध्ये लिहायची ती विचारलेली राशी, पुढे प्रश्नचिन्ह. ‘क्ष + ३ = ?’ आणि पर्यायावर टिक करण्याआधी नजर त्या प्रश्नचिन्हावर न्यायची. सवय लागायला तीनेक आठवडे गेले. सुरुवातीला वैतागली होती, कारण प्रत्येक गणितामागे दोन-तीन सेकंद जास्त जात होते.

तुमच्या चुका वेगळ्या असतील. कोणाचं ५ − (क्ष − ३) उघडताना ५ − क्ष − ३ होतं. कोणी क्ष² = ३क्ष दिसलं की दोन्ही बाजूंना क्ष ने भागून मोकळा होतो आणि क्ष = ० हे उत्तर हरवून बसतो. कोणी ‘पूर्णांक’ असं कुठेही म्हटलेलं नसताना मनातल्या मनात पूर्णांक धरतो आणि ½ तपासायला विसरतो. पडद्यावरच्या परीक्षेत आणखी एक भर पडते: गणित पडद्यावरून कागदावर उतरवतानाच ६ चा ९ होतो, मग पुढची सगळी आकडेमोड बिनचूक असून उपयोग नाही. तुम्ही पुस्तकातच, गणिताशेजारच्या कोऱ्या जागेत सोडवत असाल तर ही चूक घरी कधी दिसणारच नाही. पुस्तकाला पेन लावू नका. वेगळ्या कागदावर, चौकोन आखून, प्रत्येक चौकोनात गणिताचा क्रमांक घालून सोडवा. परत येऊन ताळा करायचा तर आपलंच रफ आपल्याला सापडायला हवं.

चुकांची वही सगळेच सांगतात, आणि बहुतेकांची वही पंधरा दिवसांत मरते. कारण ते तिच्यात पूर्ण गणितं उतरवत बसतात. एका चुकीला एक ओळ पुरे, आणि ती ओळ सूचना म्हणून लिहायची, तीही हाताला कळेल अशी. ‘नीट वाचणे’ ही सूचना नव्हे. ‘कंसाआधी उणे दिसलं की त्याला गोल करणे’ ही सूचना. ‘भागण्याआधी विचारणे: हे शून्य असू शकतं का?’ ही सूचना. पाच-सहा पेपरांनंतर लक्षात येईल की त्याच चार-पाच ओळी फिरून फिरून येताहेत. तुमचे न हलणारे गुण तिथे अडकले आहेत.

सराव परीक्षा किती द्याव्यात? आठवड्याला एक पुष्कळ झाली. पेपरला जितका वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ तो उलगडण्यात गेला पाहिजे. उलगडायची पद्धतही सांगते, कारण इथेच लोक घाई करतात. निकाल पाहून लगेच स्पष्टीकरण उघडायचं नाही. चुकलेली आणि सोडलेली गणितं दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदावर, घड्याळ न लावता, उत्तर न बघता पुन्हा सोडवायची. मग त्यांचे आपोआप तीन ढीग होतात. आताही सुटलं नाही, म्हणजे येत नाही. आता सुटलं पण पाच मिनिटं लागली, म्हणजे येतं पण रस्ता लांबचा आहे. आता सहज सुटलं, म्हणजे काल हात घसरला. पहिल्या ढिगाला पुस्तक लागतं, दुसऱ्याला दुसरी रीत, तिसऱ्याला वर सांगितलेली वही. तिघांवर ‘आणखी गणितं’ हे एकच औषध देऊन भागत नाही, आणि तुम्ही दोन महिने नेमकं तेच करता आहात. बरोबर आलेल्या गणितांपैकी अंदाजाने टिक केलेली कोणती, तीही खूण करून या ढिगांत टाका.

परीक्षा घेणाऱ्या संस्थेचे अधिकृत पेपर मात्र जपून वापरा. एसएटीचे (परदेशी पदवी प्रवेशाची परीक्षा) ब्लूबुक अ‍ॅपवर मिळतात, जीआरईचे (पदव्युत्तर प्रवेशाची) पॉवरप्रेपवर, जीमॅटचेही (मॅनेजमेंट प्रवेशाची) अधिकृत सराव पेपर आहेत. बाहेरचे पेपर आकडेमोडीने अवघड असतात, खरे पेपर शब्दांनी फसवतात. हा फरक हाताला कळावा म्हणून एक अधिकृत पेपर आत्ता द्या आणि उरलेले शेवटच्या महिन्यासाठी ठेवा.

दुसऱ्या ढिगाबद्दल, म्हणजे लांबच्या रस्त्याबद्दल, थोडं सविस्तर. एक गणित घ्या: जाताना ताशी ४० किलोमीटर, त्याच रस्त्याने येताना ताशी ६०, तर सरासरी वेग किती? पर्याय ४५, ४८, ५०, ५२. अंतर ‘क्ष’ धरून क्ष/४० + क्ष/६० मांडणारा विद्यार्थी चुकत नाही, पण अपूर्णांकांत वेळ घालवतो. अंतर १२० धरा. जायला ३ तास, यायला २, एकूण २४० भागिले ५, म्हणजे ४८. मनातल्या मनात झालं. आणि काहीच सुचलं नाही तरी एवढं कळायला हवं, की हळू वेगाने जास्त वेळ प्रवास झाला आहे, तेव्हा सरासरी ५० च्या खालीच राहणार. ५० आणि ५२ तिथेच बाद.

पर्याय हीसुद्धा माहिती असते हे पुस्तकी अभ्यासात शिकवलं जात नाही. मुलं आणि मुली यांचं प्रमाण ३ः५ आहे, एकूण संख्या खालीलपैकी कोणती, ४२, ४८, ५४ की ६०? पुढे गणितात आणखी दोन वाक्यं असतील, पण एकूण संख्येला ८ ने भाग जायलाच हवा आणि चारांपैकी फक्त ४८ ला जातो. काम संपलं. मात्र ही युक्ती सरळ रीत पक्की असणाऱ्यानेच वापरावी. रीत न शिकता नुसती पर्यायांवरून मागे जायची सवय लागली तर उत्तर टाइप करायच्या गणितांत, जिथे पर्यायच नसतात, माणूस उघडा पडतो. एसएटीच्या गणितात साधारण पाव भाग अशा प्रश्नांचा असतो.

जलद गणिताच्या करामतींबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. ९७ चा वर्ग तीन सेकंदांत काढता येणं छान आहे, पण तो सहसा विचारत कोणी नाही. त्यापेक्षा पूर्वी पावकी-निमकी पाठ असायची, तशा थोड्याच गोष्टी जिभेवर असू द्या: २५ पर्यंतचे वर्ग, १० पर्यंतचे घन, २ चे घात १०२४ पर्यंत, १/६ म्हणजे १६.६७ टक्के, १/७ म्हणजे १४.२९, १/८ म्हणजे १२.५, आणि काटकोन त्रिकोणाची ३-४-५, ५-१२-१३, ८-१५-१७, ७-२४-२५ ही त्रिकुटं. कॅल्क्युलेटर मिळणार असला तरीही. एसएटीत डेस्मॉसचा आलेखवाला कॅल्क्युलेटर पूर्ण वेळ असतो, जीआरईत साधा असतो, जीमॅटच्या क्वांट म्हणजे गणिताच्या भागात नसतोच. डेस्मॉस मिळणार असेल तर तो मात्र शिकून घ्या. दोन समीकरणांचे आलेख कुठे छेदतात हे त्यावर काही सेकंदांत दिसतं, आणि ते न शिकता हाताने सोडवत बसणं हा उगाच हट्ट आहे.

वेळेचं गणित परीक्षेनुसार बदलतं. एसएटीत ७० मिनिटांत ४४ प्रश्न, म्हणजे प्रश्नामागे साधारण ९५ सेकंद. जीआरईत ४७ मिनिटांत २७, म्हणजे १०४ च्या आसपास. जीमॅटमध्ये ४५ मिनिटांत २१, म्हणजे दोन मिनिटांहून किंचित जास्त. पण सरासरीला चिकटू नका. सोपं गणित चाळीस सेकंदांत संपवून वाचलेला वेळच अवघड गणिताला मिळतो. माझा नियम साधा आहे: वाचून झाल्यावर तीस सेकंदांत पेन हललं नाही, तर खूण करून पुढे. आणि दोन मिनिटं झुंजल्यावर ‘एवढा वेळ घातलाय, आता सोडू कसा’ असं मनात आलं, की तीच सोडायची वेळ समजा. चांगले विद्यार्थी अवघड गणितापायी बुडत नाहीत, ते त्याच्यामागे राहून गेलेल्या तीन सोप्या गणितांमुळे बुडतात.

एसएटी आणि जीआरईत आपल्याच भागात मागे-पुढे जाता येतं, म्हणून दोन फेऱ्या करा. पहिल्या भागातल्या कामगिरीवर पुढच्या भागाची काठिण्यपातळी ठरते, तेव्हा पहिल्या भागात सोपे गुण सांडू नका. जीमॅटची गोष्ट निराळी. तिथे प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय पुढचा येत नाही आणि भाग संपल्यावर जास्तीत जास्त तीन उत्तरं बदलता येतात. तिथे ‘नंतर बघू’ ही चैन नाही. नाही जमत म्हटलं की त्या क्षणी अंदाजाने टिक करायची आणि मागे वळून बघायचं नाही. हा निर्णय घ्यायचाही सराव लागतो, म्हणून सराव परीक्षेत मुद्दाम दोन प्रश्न असे सोडून बघा.

अंदाजाचं काय? एसएटी आणि जीआरईत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा ठेवू नका. एसएटीतली पाव गुणाची कपात २०१६ मध्ये गेली, तरी ‘खात्री नसेल तर सोडून द्या’ हा जुना सल्ला अजून फिरत असतो. जिथे कपात आहे तिथे हिशेब करा, आपण गणितवालेच आहोत. जेईई मेनसारखं बरोबरला ४, चुकीला वजा १ आणि चार पर्याय असतील, तर डोळे मिटून टिक केली तरी सरासरीने पाव गुण पदरात पडतो. कॅटसारखं ३ आणि वजा १ असेल, तर आंधळ्या अंदाजाची सरासरी बरोबर शून्य. पण तिथेही एक पर्याय कारणाने बाद करता आला, तर एक तृतीयांश गुणाचा फायदा. ‘कारणाने’ या शब्दावर माझा जोर आहे. ‘गेल्या तीनही प्रश्नांचं उत्तर ब होतं’ हे कारण नव्हे.

परीक्षेची भीती वाटते का, हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण सराव परीक्षेतच गुण पडतात म्हणून एवढं सांगते. जेरार्डो रामिरेझ आणि सियन बायलॉक या मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये दाखवलं होतं, की परीक्षेच्या आधी दहा मिनिटं मनातली काळजी कागदावर उतरवल्याने घाबरणाऱ्या विद्यार्थ्यांचे गुण सुधारले. माझ्या काही विद्यार्थ्यांना याचा उपयोग झाला, काहींना अजिबात नाही. एखाद्या सराव परीक्षेआधी करून बघा, जमलं तर ठेवा.

दहा आठवडे साधारण असे जातील: पहिले तीन पहिल्या ढिगाला, म्हणजे खरोखर न येणाऱ्या विषयांना. मधले चार मिसळलेल्या सरावाला, पहिल्या ओळीच्या कामाला आणि आठवड्याच्या पेपराला. शेवटचे तीन अधिकृत पेपरांना, तुमच्या परीक्षेची जी वेळ असेल त्याच वेळी बसून. शेवटच्या आठवड्यात नवीन काही शिकू नका.

तारखेबद्दल. आत्ता ठरवू नका. आठव्या आठवड्याअखेर शेवटच्या तीन पेपरांचे ढीग समोर ठेवा. तोवर तारीख बदलायची मुदत आणि त्याचं शुल्क काय, ते मात्र आजच बघून ठेवा. ‘येत नाही’ हा ढीग अजूनही सगळ्यांत मोठा असेल तर परीक्षा पुढे ढकला, कारण तो भरून काढायला दोन आठवडे पुरत नाहीत. ‘हात घसरला’ हा ढीग मोठा असेल तर ढकलू नका. पुढे ढकलून तो कमी होताना मी पाहिलेला नाही. त्या दोन आठवड्यांत रोज वहीतल्या त्या चार-पाच ओळी वाचून मग पेन उचला.